पाठ झालेला नंबर

महमूद गुरुजींचं बँकेतलं खातं गोठलं, ही बातमी खुद्द गुरुजींच्या आधी महाडच्या मटणवाल्याला कळली. गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला, दुकानातल्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर फोन धरला आणि पैसे पाठवले. पण पैसे आल्याची मोठ्याने दवंडी पिटणारा दुकानातला डबा काही बोलेना. पुन्हा पाठवले. डबा गप्पच. मागच्या गिऱ्हाइकांनी घसे खाकरले, मटणवाला छताकडे बघू लागला, आणि उभी हयात पोलादपूरच्या डोंगरात पोरांना शिस्त लावण्यात घालवलेल्या माणसाला पिशवीतलं मटण काढून परत तराजूत ठेवावं लागलं. तेही चांगले तुकडे निवडून निवडून घेतलेलं.

घरी नुरजहाँबींनी रिकामी पिशवी उलटी करून पाहिली.

"मटण कुठं हाय?"

"खातं बंद पडलंय."

"कोणाचं? मटणवाल्याचं?"

"आपलं."

नुरजहाँबी मटकन खाली बसल्या. मटणाचं दुःख नव्हतं, दुःख उमऱ्याचं होतं. मक्केला जायचं म्हणून नवरा-बायकोने वर्षानुवर्षं पै-पै बाजूला टाकली होती. एकदा ती पुंजी मुलीच्या, अमरीनच्या लग्नात गेली. एकदा पुराच्या साली घराच्या भिंतींनी खाल्ली, त्या पाण्याची रेघ दिवाणखान्यात अजून दिसत होती आणि नुरजहाँबी तिच्यावर चुना मारू देत नव्हत्या. या वर्षी मात्र सगळं जमलं होतं. ईद झाली की महाडच्या जमातीबरोबर निघायचं होतं, पासपोर्ट आले होते, गुडघ्यांना पट्टे घेऊन झाले होते. अख्ख्या मोहल्ल्याने 'आमच्यासाठीही दुआ मागा' म्हणून आपापल्या अडचणी नुरजहाँबींच्या कानावर घालून ठेवल्या होत्या. राहिलेले पैसे तेवढे ईदच्या आत टूरवाल्याकडे भरायचे होते. नाही भरले तर जागा दुसऱ्याला. आणि ते पैसे त्या गोठलेल्या खात्यात होते.

"जाऊन विचारा तरी," नुरजहाँबी म्हणाल्या. "आपण काय चोर हाव?"

दुसऱ्या दिवशी गुरुजी एसटीने पोलादपूरला गेले, कारण पेन्शनचं खातं तिथल्या शाखेत. मॅनेजरबाई परभणीकडच्या, वयाने अमरीनएवढ्या, आणि बोलायला गोड. त्यांनी संगणकात गुरुजींचा नंबर घातला आणि त्यांची भुवई हळूहळू वर गेली.

"गुरुजी, तुमच्या या मोबाईल नंबरावर आमच्याकडे किती खाती जोडलेली आहेत, कल्पना आहे?"

"एक," गुरुजी ठामपणे म्हणाले.

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. नावं सरकू लागली आणि सरकतच राहिली. उतेकर, कळंबे, शेलार, पुन्हा उतेकर. गुरुजी पुढे वाकले. जुन्या वर्गाचा फोटो कुणीतरी अचानक हातात ठेवावा तसा त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, ही तर माझी पोरं! जांभूळमाळची शाळा!"

"तेच ना गुरुजी. एक नंबर आणि एवढी खाती. त्यातल्या निम्म्यांची कुठली कुठली कर्जं थकलेली. सिस्टीमला वाटतंय ही टोळी आहे आणि तुम्ही तिचे सूत्रधार आहात."

इथे कुणीही मध्यमवर्गीय माणूस घाबरला असता. पण थक्क होणं हा गुरुजींचा जुना आजार. कशेडीचा बोगदा झाला तेव्हा ते नुसता बोगदा बघायला एसटीने पलीकडे जाऊन अलीकडे आले होते. ते आवाज खाली आणून म्हणाले, "हे त्या सिस्टीमला इथे बसून कळलं?"

"मुंबईत बसून."

"सुभानल्ला," गुरुजी म्हणाले, आणि आपण सूत्रधार आहोत हे त्यांच्या ध्यानात जरा उशिराच आलं.

आता या टोळीचा उगम सांगायलाच हवा. जांभूळमाळ ही पोलादपूरच्या वर, ढगांना डोकं लागेल अशा जागी वसलेली वाडी. फोनची रेंज तिथे तेव्हा नव्हती आणि आता असते ती एका आंब्याखाली, तीही वारा असेल तर. एका पावसाळ्यात ओढ्यापलीकडे दोन पोरं अडकली, आणि कुणाला कळवायचं हेच त्यांना माहीत नव्हतं. तेव्हापासून गुरुजींनी रोज पाढे झाले की त्याच चालीवर आपला मोबाईल नंबर म्हणून घ्यायला सुरुवात केली. बे एके बे, पावकी, निमकी, आणि मग गुरुजींचा नंबर. पुढे शिष्यवृत्तीसाठी पोरांची खाती काढायची वेळ आली, तेव्हाही सगळ्यांच्या अर्जावर तोच नंबर पडला, कारण वाडीत दुसरा नव्हताच. पोरं मोठी झाली, नालासोपाऱ्याला आणि डोंबिवलीला गेली, खिशात दोन-दोन फोन घेऊन हिंडू लागली. पण कर्जाच्या अर्जावर 'ओळखीच्या एका विश्वासू व्यक्तीचा नंबर' अशी ओळ आली, की प्रत्येकाच्या बोटांतून तोच नंबर उतरे. शिवाय तो पाठ होता, हुडकावा लागत नव्हता.

म्हणून तर गेले काही महिने गुरुजींना ते फोन येत होते.

"हृतिक कळंबे को जानते हो?" पलीकडून कुणीतरी खेकसायचं.

"जानते हो नाही, जानते हैं म्हणावं," गुरुजी सांगायचे. "मोठ्या माणसाशी बोलताय. आणि हो, ओळखतो. पोरगा हुशार, पण भूमितीत कच्चा."

"उसका हप्ता बाकी है!"

"असेल. गृहपाठही बाकी असायचा."

एवढ्यावर गुरुजी तो विषय संपला असं समजायचे. विषय मात्र संपत नव्हता, बँकेच्या सिस्टीमपर्यंत जाऊन पोचला होता.

मॅनेजरबाईंनी उपाय सांगितला. त्या यादीतल्या प्रत्येकाने आधारकार्ड घेऊन स्वतः शाखेत यायचं आणि आपल्या खात्याला स्वतःचा नंबर लावून घ्यायचा. सगळी खाती वेगळी झाली की गुरुजींचं खातं सुटेल. "मीच नवा नंबर घेतला तर?" गुरुजींनी विचारलं. "मग सिस्टीमला वाटेल सूत्रधार पळाला," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खुलाशाचा अर्ज भरायला घेतला. त्यात खातेदारांशी गुरुजींचं नातं कोणतं, हा प्रश्न होता. "शिक्षक," गुरुजी छाती काढून म्हणाले. संगणकात वडील होते, आई, नवरा, मुलगा, सासरेसुद्धा होते, शिक्षक नव्हता. बाईंनी नाइलाजाने 'इतर' वर बोट ठेवलं. ते 'इतर' गुरुजींच्या मनाला फार लागलं. एसटीत परत येताना ते वरंधच्या डोंगराकडे बघत एकदाच म्हणाले, "इतर!" शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली.

मोहल्ल्यात सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचा अर्शद कुवेतला राहून आलेला, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य कुवेतपासून सुरू व्हायचं. "कुवेतला असं चालत नाय चाचा. तिथं सिम फेकायचं नि नवीन घ्यायचं."

"आणि माझ्या पोरांनी फोन कुठे करायचा?"

"पोरं फोन करतात काय तुम्हाला?"

पोरं फोन करत नव्हती. पोरांच्या वतीने दुसरेच करत होते. आणि खरी गोम अशी, की अख्ख्या वाडीला गुरुजींचा नंबर पाठ होता, पण गुरुजींकडे वाडीतल्या एकाचाही नव्हता. बोलवायचं तर कुणाला, आणि कसं? अमरीनने पनवेलहून 'वसुलीवाले दारात आले तर काय करावं' असा व्हिडिओ पाठवला. त्यातला माणूस इतकं जलद बोलत होता, की तो स्वतःच वसुलीवाल्यांपासून पळत असावा असं गुरुजींना वाटलं. नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर कुणी ग्राहक मंचाचं नाव काढलं, कुणी वकिलाचं. इकडे रमजान सुरू झाला आणि टूरवाल्याने दोनदा निरोप पाठवला. नुरजहाँबींनी गुडघ्यांचे पट्टे कपाटात आत सरकवून ठेवले.

अशात एका सकाळी वसुलीवाला खरोखरच दारात आला.

गुरुजींनी मनात मिशीवाला, दंडावर गोंदलेला आडदांड गडी धरला होता. आला तो पनवेलचा विनीत, हेल्मेटपेक्षा मान बारीक, मोटारसायकलने कंबर धरलेली आणि तिच्यावर पट्टा. पण कामाची रीत त्याला पक्की ठाऊक होती. घरात न येता उंबऱ्याबाहेरच उभं राहायचं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात करायची.

"महमूद गुरुजी कोण? हृतिक कळंबेचे जामीन तुम्हीच ना? लोकांचे पैसे बुडवून—"

"ओरडतोस कशाला रे बाबा, ऐकू येतंय," नुरजहाँबी आतून आल्या. "पनवेलवरनं गाडीवर आलास? काय खाल्लंस सकाळपासनं?"

विनीतला हा प्रश्न कंपनीच्या शिकवणीत कुणी सांगितलेला नव्हता. तो म्हणाला, "नाही, म्हणजे, वडापाव."

"आमचे रोजे हायेत, तुझा नाय. बस."

तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, कालचं जवळ्याचं सुकं गरम झालं. स्वतः पाण्याचा थेंब न घेतलेली बाई आपल्याला वाढते आहे, हे तिसऱ्या घासाला विनीतच्या ध्यानात आलं, आणि त्यानंतर त्याचा ओरडण्याचा आवाज जो गेला तो पुन्हा आला नाही. हात धुऊन तो जरा ओशाळून म्हणाला, "गुरुजी, माझ्याकडे तुमच्या वाडीची बरीच नावं आहेत. सगळ्यांनी तुमचाच नंबर दिलाय. मला वाटलं, तुम्ही एजंट आहात."

त्याने फोन पुढे केला. गुरुजी बघत राहिले. पडद्यावर त्यांचा वर्ग होता, प्रत्येकाचा फोटो, पत्ता, नोकरी. हृतिकला दाढी आली होती. सारिका शेलार भांडुपच्या इस्पितळात नर्स झाली होती, लग्नही झालं होतं तिचं. कोण कुठल्या चाळीतून कुठल्या इमारतीत गेला, कुणाची कंपनी बंद पडली, कुणाचा बाप आजारी आहे, सगळं या पोराला माहीत होतं.

"तुला यांची एवढी माहिती?" गुरुजींनी विचारलं. "मी यांना लिहायला शिकवलं, पण मला यातलं काहीच ठाऊक नाही रे."

"काम आहे गुरुजी आमचं. फोन मात्र एकजण उचलत नाही." विनीतने पाण्याचा पेला ठेवला. "पण आता शिमगा आलाय. कोकणातला थकबाकीदार एरवी देवाला सापडत नाही, पण शिमग्याला आणि गणपतीला घरीच असतो. मी वर जाणारच आहे."

गुरुजी सावरून बसले. "मीही येतो. फक्त एक अट आहे. माझ्या पोरांवर ओरडायचं नाही."

"मग वसुली कशी होणार?"

"आधी हजेरी," गुरुजी म्हणाले, "मग वसुली."

शिमग्याच्या दिवशी, रोजा धरलेले गुरुजी वसुलीवाल्याच्या मागे मोटारसायकलवर बसून जांभूळमाळला निघाले. मार्चचं ऊन, घाटाची वळणं, आणि प्रत्येक वळणावर विनीत गाडी थांबवून, गुरुजींकडे पाठ करून, चोरून पाणी प्यायचा. "उघड पी रे," गुरुजी म्हणाले, "मला त्रास होत नाही." त्यांना खरंच होत नव्हता. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच वर चालले होते, आणि वरून ढोल ऐकू आला तेव्हा त्यांनी विनीतच्या खांद्यावर ठेका धरला.

काळकाईची पालखी देवळातून निघाली होती. सगळी मुंबई वाडीत उतरली होती. पोरं गुलालाने लाल झालेली, ढोलाच्या ठेक्यावर पालखी खांद्यावर नाचवत होती, आणि पुढच्या दांड्याला खुद्द हृतिक होता. तेवढ्यात कुणीतरी हेल्मेट पाहिलं. हेल्मेट घालून या वाडीत कुणी येत नाही.

"वसुलीवाला!"

पुढचं दृश्य गुरुजी आजही सांगतात आणि दर वेळी तितकेच थक्क होतात. शिमग्याच्या ऐन गर्दीतली तरुण पोरं डोळ्यांदेखत नाहीशी झाली. कुणी काजूच्या बनात, कुणी गवताच्या गंजीआड, कुणी पाण्याच्या टाकीमागे. पंचाईत झाली ती पालखी खांद्यावर असलेल्यांची. ते सगळेच विनीतच्या फोनमधले, आणि पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, पोचल्याशिवाय खाली टेकवायची नाही, हा रिवाज. पळावं तर देवी खांद्यावर, थांबावं तर वसुली दारात. पोरांनी मधला मार्ग काढला, ते पालखीसकट पळाले. पालखी सहाणेची वाट सोडून सरळ डोंगराला लागली.

"आई खूण काढायला निघाली!" हृतिकची आजी, ठकूबाई, हात जोडून ओरडली. शिमग्यात पुरून ठेवलेला नारळ पालखी आपल्या ओढीने हुडकून काढते, ही वाडीची परंपरा. पण इतक्या वेगाने जाणारी पालखी वाडीने कधी पाहिली नव्हती. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ढोलवाले मागे धावले, बायका मागे धावल्या, आणि जितके लोक मागे लागले तितकी पालखी पुढे. गावकर, म्हणजे देवीचा मानकरी, असलेला हृतिकचा बाप रामा तर धावता धावता ओरडत होता, "कडक हाय रं या वर्साला, कडक हाय!"

विनीत हात वर करून उभा. "गुरुजी, मी काहीच केलं नाही."

गुरुजी शेजारच्या शाळेच्या ओट्यावर चढले. तोच ओटा, तीच मधली तुटकी फरशी. घसा कोरडा पडला होता, पण आवाज कुठून आला त्यांचा त्यांनाच कळलं नाही.

"उतेकर भिकाजी सोनबा!"

ढोल थांबला. मग गंजीआडून, इच्छेविरुद्ध ओढून काढल्यासारखा एक जाड पुरुषी आवाज आला, "हजर गुरुजी."

"कळंबे हृतिक रामा!"

डोंगरावर धावणारी पालखी जागच्या जागी उभी राहिली. तिच्याखालून आवाज आला, "हजर!" आणि पालखी वळली.

गुरुजींच्या हातात कागद नव्हता. नावं एकामागून एक येत होती, ज्या क्रमाने रोज सकाळी यायची त्याच क्रमाने. काजूतून हजर, टाकीमागून हजर. कुणी पोटं सुटलेले बाप्ये, कुणी टाय लावायची नोकरी करणारे, सगळे माना खाली घालून ओट्यासमोर येऊन उभे राहत होते, आणि उंचीप्रमाणे उभे राहत होते. मुलं संपली, मुली सुरू झाल्या. "शेलार सारिका," आणि कडेवर बाळ घेतलेली नर्स लाजत पुढे आली. पोरांकडून नंबर पाठ करून घेताना ही नावंही आपल्याला पाठ झाली होती, हे गुरुजींना तेव्हा कळलं.

एक नाव मध्ये राहिलं होतं. गुरुजींनी ते पुन्हा घेतलं. "उतेकर रोशन."

सगळे पायांकडे बघत होते.

"उतेकर रोशन!"

मागून एक म्हातारी पुढे आली, रोशनची आई, प्रयागबाई. "तो नाय आता गुरुजी," ती म्हणाली. "मागल्या पावसात गेला, भायंदरला. शॉक लागून. तुम्हाला कळवायचं व्हतं वो. पण आमच्या घरात तुमचा नंबर त्यालाच पाठ व्हता."

गुरुजी ओट्यावर बसले. विनीतने हातातल्या फोनकडे पाहिलं. रोशनच्या नावापुढे 'फोन उचलत नाही' असं लिहिलेलं होतं. "याला आम्ही रोज फोन लावत होतो," तो पुटपुटला. त्याने हेल्मेट काढून जमिनीवर ठेवलं आणि प्रयागबाईंच्या पाया पडला. ते पाहून पोरांची भीड चेपली. हृतिकच आधी बोलला, "दर महिन्याला थोडं थोडं देतो भाऊ. पळत नाय आता. गुरुजींच्या देखत सांगतो."

दिवस मावळला तेव्हा ठकूबाईने आंब्याखाली गुरुजींपुढे खजूर आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि सूर्य पुरता बुडाल्याची स्वतः खात्री करून, "घ्या आता," म्हणाली. त्याच वेळी पालखी सहाणेवर बसली आणि रामाने गाऱ्हाणं घातलं.

"बाय काळकाई म्हाराजा! आज ह्ये सगळी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायेत. आमच्या गुरुजींचं खातं ब्यांकेनं धरून ठेवलंय, त्ये मोकळं कर गे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

"त्यांची मक्केची वाट मोकळी कर!"

"व्हय म्हाराजा!"

रामाने जरा थांबून बाजूला पाहिलं. "आनि ह्या पनवेलच्या पोराचं टारगेट पुरं कर!"

इथे मात्र वाडी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. मग पुढच्या रांगेतून हृतिकचा बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." गुरुजींच्या घशात खजूर होता आणि डोळ्यांत पाणी. आपल्या पेन्शनच्या खात्यासाठी एक अख्खा डोंगर देवाला साकडं घालतो आहे, हे त्यांच्या थक्क होण्याच्या पलीकडचं होतं.

बँक उघडेपर्यंत मुंबईला कुणी जायचं नाही, असं ठकूबाईने बजावलं, आणि सुट्ट्या संपल्या त्या सकाळी टेम्पो भरभरून जांभूळमाळ पोलादपूरच्या शाखेत उतरलं. रखवालदार आधी दार लावायला धावला. मॅनेजरबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. प्रयागबाई मुलाच्या मृत्यूचा दाखला पदरात बांधून आली होती. बाईंनी तिला सगळ्यांच्या आधी बसवलं.

काम सुरू झालं आणि एक नवीच अडचण निघाली. नंबर बदलायचा तर त्याची परवानगी म्हणून आकडे जुन्या नंबरावर येणार, म्हणजे सगळ्यांचे गुरुजींच्या फोनवर. दर दोन मिनिटांनी फोन किणकिणू लागला. गुरुजी भिंतीला टेकून उभे राहिले आणि खड्या आवाजात अंकलेखन घालू लागले, "हृतिक, लिही. चार. शून्य. चुकलास, शून्य म्हटलं मी." त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर 'ओटीपी कोणालाही सांगू नका' असा मोठा फलक होता. मॅनेजरबाईंनी तो वाचला, गुरुजींकडे पाहिलं आणि टेबलावरचे कागद नीट लावायला घेतले. मधे सर्व्हर गेला, मधे फोनची बॅटरी संपत आली, तेव्हा विनीतने स्वतःचा चार्जर दिला. शेवटचं खातं सुटलं, बाईंनी गुरुजींचं नाव उघडलं, आणि पडद्यावरची लाल पट्टी हिरवी झाली.

"झालं गुरुजी," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तो जुना अर्ज काढला, 'इतर' वर काट मारली आणि शेजारी पेनाने काहीतरी लिहिलं. "संगणकात राहू दे," त्या म्हणाल्या, "कागदावर तरी बरोबर असावं." गुरुजींनी चष्मा लावून वाचलं. बाईंनी 'शिक्षक' लिहिलं होतं.

महाडला उतरल्यावर ते आधी मटणवाल्याकडे गेले. डबा इतका मोठ्याने ओरडला, की गिऱ्हाईक दचकलं. गुरुजींनी त्याला पुन्हा ओरडायला सांगावं का, असा विचारही केला. दुसऱ्या दिवशी टूरवाल्याचे पैसे भरले, आणि नुरजहाँबींनी गुडघ्यांचे पट्टे कपाटातून बाहेर काढले. त्यानंतर फोन मात्र वाजेनासा झाला. आता पोरांच्या अर्जांवर पोरांचेच नंबर होते. संध्याकाळी गुरुजी उगाच फोन उचलून रेंज आहे की नाही ते बघत.

ईद झाली आणि दोघं निघाले.

काबा पहिल्यांदा नजरेस पडतो तेव्हा जे मागावं ते मिळतं, असं म्हणतात. नुरजहाँबींनी सगळ्या मोहल्ल्याच्या मागण्या पाठ केल्या होत्या, गुरुजींनी अरबी दुआ. पण समोर ते काळं, शांत, प्रचंड घर आणि भोवती फिरणारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसली आणि गुरुजींच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं. आयुष्यभर बोगद्यांना आणि संगणकांना थक्क होण्यात जेवढं उधळलं होतं, ते सगळं इथे अपुरं पडलं. त्यांनी हात वर केले. ओठ हलले, पण दुआ येईना. मग आपोआप, पाढ्यांच्या जुन्या चालीवर, त्यांच्या तोंडून येऊ लागलं, "उतेकर भिकाजी सोनबा. कळंबे हृतिक रामा."

शेजारी नुरजहाँबींनी मान वळवली. त्यांनी ती चाल संसारभर ऐकली होती. एकेक नाव घेत गुरुजी पुढे जात होते, प्रत्येकासाठी हात जरा वर उचलत होते, आणि रोशनपाशी येऊन अडकले. नाव घेतलं, आणि पुढचं येईना. आजूबाजूने माणसांचा ओघ जात होता.

"हजर," नुरजहाँबी हळूच म्हणाल्या.

दुसऱ्याची हजेरी देणाऱ्याला गुरुजींनी जन्मभर अंगठे धरून उभं केलं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि पुढचं नाव घेतलं.